रक्त पोहोचेल तिथवरच औषध

साठ किलो वजनाच्या माणसाला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी द्यायचे, तर किलोमागे ५ मिलिग्रॅम धरून दिवसाला ३०० मिलिग्रॅम लागते. एका व्हायलमध्ये औषध असते ५० मिलिग्रॅम. म्हणजे रोजच्या ६ व्हायल आणि चार आठवड्यांच्या १६८. एका व्हायलची किंमत २०२१ मध्ये सहा-सात हजारांच्या घरात होती. त्या वर्षी मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, हा हिशेब महाराष्ट्रातल्या कितीतरी नातेवाइकांना तोंडपाठ झाला होता. चिठ्ठी घेऊन मेडिकलची दारे पुजायची, ओळखीपाळखीत फोन फिरवायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडायचे, आणि एवढे करून हाती लागायच्या दोन नाहीतर तीन व्हायल.

त्या टंचाईने लोकांच्या मनात एक समज घट्ट बसवला: म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाचा उपचार म्हणजे ते इंजेक्शन. मिळाले तर माणूस वाचला, नाही मिळाले तर गेला. हा समज अर्धाच खरा आहे. नाक, डोळ्याची खोबण आणि मेंदू यांत घुसणाऱ्या या बुरशीवर नुसते औषध सोडले तर पुष्कळदा ते बुरशीपर्यंत पोचतच नाही. औषध नेणाऱ्या रक्तवाहिन्या बुरशीने आधीच बंद करून टाकलेल्या असतात. या रोगाचे निदान, ऑपरेशन, औषधाची मात्रा, डोळा काढायचा की ठेवायचा ही धर्मसंकटे, सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

बुरशी तशी आपल्या ओळखीची. शिळ्या पावावर पांढुरकी-करडी लव उगवते तिच्यात ऱ्हायझोपस नावाची जात बऱ्याचदा असते, आणि भारतातल्या म्युकरमायकोसिसमध्ये सर्वांत जास्त सापडते ती याच कुळातली ऱ्हायझोपस अ‍ॅरायझस. माती, शेणखत, कुजणारा पालापाचोळा, दमट भिंती, सगळीकडे तिचे बीजाणू असतात. ते आपण रोज श्वासातून आत घेतो आणि नाकातल्या पांढऱ्या पेशी ते मुकाट्याने संपवून टाकतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा ही बुरशी ‘आली कुठून’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ती होतीच. तिला रान मोकळे कुणी करून दिले, हे विचारायला हवे.

उत्तर बरेचसे साखरेत आहे. रक्तातली साखर फार दिवस चढी राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. बुरशीकडे धावून जाण्याची आणि तिला मारण्याची त्यांची ताकद घटते. मधुमेह आणखी बिघडून किटोअ‍ॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकले, तर दुसरे संकट उभे राहते. रक्तातले लोह एरवी ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असते. रक्त आम्ल झाले की ही पकड सैल होते आणि मोकळे लोह बुरशीला आयते मिळते. लोह हे तिच्या वाढीचे मुख्य अन्न. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचे एक प्रथिन असते. साखर, लोह आणि किटोन वाढले की त्याचेही प्रमाण वाढते, आणि बुरशीच्या अंगावरचे एक प्रथिन नेमके त्यालाच चिकटते. रक्तवाहिनीत शिरण्याची वाट ती अशी काढते.

१८८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या पाल्टाउफ यांनी माणसातल्या म्युकरच्या संसर्गाचे सविस्तर वर्णन केले. पण नाक, डोळा आणि मेंदू हा तिहेरी प्रवास वैद्यकाच्या नजरेत ठळकपणे भरला तो १९४३ मध्ये. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या नियतकालिकात ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर यांनी तीन रुग्णांची हकीगत लिहिली. तिघांनाही मधुमेहाचा किटोअ‍ॅसिडोसिस होता, आणि तिघेही दगावले.

रक्तवाहिनीत शिरलेली बुरशी तिथेच तंतू पसरते. आतल्या अस्तराला इजा झाली की रक्त गोठते, गुठळी बसते आणि पुढचा प्रवाह थांबतो. पाटाचे तोंड बुजले की पुढच्या वाफ्यांना ना पाणी मिळते, ना पाण्यातून सोडलेले खत. तसेच इथे होते. गुठळीच्या पलीकडचे मांस प्राणवायूवाचून मरते आणि काळे पडते. बुरशी स्वतः काळी नसतेच. जो काळेपणा दिसतो तो मेलेल्या मांसाचा. त्या मेलेल्या मांसात बुरशी मात्र सुखेनैव जगते, कारण पांढऱ्या पेशी तिथे रक्तातून येणार आणि रक्तच बंद. शिरेतून सोडलेले कितीही महागडे औषध असो, त्याचीही तीच गत.

नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांपासून, म्हणजे सायनसपासून, डोळा किती जवळ आहे याची आपल्याला कल्पना नसते. दोघांमधले हाड ठिकठिकाणी कागदाइतके पातळ आहे, त्यातून बारीक शिरा आणि नसा आरपार जातात. बुरशीला ते हाड पोखरण्याचीही गरज पडत नाही. शिरांच्या वाटेने ती खोबणीत उतरते. खोबणीच्या टोकाला दृष्टीची नस आणि डोळा हलवणाऱ्या नसा दाटीवाटीने एकत्र येतात. त्यामागे कॅव्हर्नस सायनस नावाची शिरांची जागा आहे, आणि तिच्या आतूनच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. धमनीत गुठळी झाली की विरुद्ध बाजूच्या हातापायाला लकवा. नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जाणारी वाट वेगळीच.

पहिल्या खुणा मात्र साध्या, दुर्लक्ष व्हावे अशा. एका बाजूचे डोके आणि गाल दुखतो. एकच नाकपुडी चोंदते, तिच्यातून तपकिरी किंवा रक्ताळलेला स्राव येतो. गालाचा काही भाग सुन्न पडतो. दाढी करताना किंवा तोंड धुताना अचानक जाणवते की इथे हात लावलेला कळत नाही. ही सुन्नता मोलाची खूण आहे, कारण साध्या सर्दीत किंवा नेहमीच्या सायनसच्या दुखण्यात गाल बधिर होत नाही. वरच्या जबड्याचे दात कीड नसताना हलायला लागतात. २०२१ मध्ये कितीतरी रुग्ण आधी दाताच्या डॉक्टरकडे गेले ते यामुळे, आणि काही दंतवैद्यांनीच रोग सर्वांत आधी ओळखला. त्यानंतर पापणी सुजते, खाली ओघळते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. टाळूवर किंवा नाकात काळी खपली दिसू लागली, की रोग बराच पुढे गेला समजायचे. काळी खपली दिसेपर्यंत थांबणारा डॉक्टर उशीर करतो, असे या विषयातले जाणकार पुनःपुन्हा सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

उशिराचा हिशेब मांडलेला आहे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या ७० रुग्णांच्या २००८ मधल्या अभ्यासात अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करायला ६ दिवस किंवा अधिक उशीर झालेल्यांपैकी ८३ टक्के १२ आठवड्यांत दगावले. वेळेत औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. हे रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण होते, मधुमेहींना तोच आकडा चिकटवता येणार नाही. पण दिवसांची किंमत त्यातून दिसते.

म्हणून संशय आला की डॉक्टर दोन गोष्टी त्याच दिवशी करायला बघतात. एक, एमआरआय. शिरेत कॉन्ट्रास्ट टाकून काढलेल्या चित्रात जिवंत मांस उजळते. नाकातले जे मांस उजळत नाही, काळेच राहते, तिथे रक्त पोचत नाही हे उघड होते. दुसरी, नाकात दुर्बीण घालून संशयित जागेचा तुकडा काढणे.

हा तुकडा प्रयोगशाळेत गेल्यावर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. काचपट्टीवर तुकड्याचा अंश ठेवतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. मांस विरघळते, बुरशीची भिंत विरघळत नाही. कॅल्कोफ्लोर व्हाइट नावाचा रंग घातला तर अतिनील प्रकाशात तंतू लखलखतात. आता बघणाऱ्याची नजर हवी. म्युकरचे तंतू रुंद, वेडेवाकडे, मध्ये आडपडदे जवळपास नसलेले आणि फांद्या काटकोनाच्या आसपास फुटणारे. अ‍ॅस्परजिलसचे अरुंद, सरळ, आडपडदे असलेले, फांद्या साधारण ४५ अंशांत. तासा-दोन तासांत उत्तर मिळू शकते. कल्चरसाठी पाठवलेला तुकडा मात्र कुटायचा-वाटायचा नाही; आडपडदे नसल्याने तंतू एकदा तुटला की आतला सगळा ऐवज सांडतो, बुरशी मरते आणि ‘वाढ नाही’ असा फसवा रिपोर्ट हातात पडतो. बुरशीच्या इतर संसर्गांत उपयोगी पडणाऱ्या रक्ताच्या दोन चाचण्या, गॅलेक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन, म्युकरमध्ये काही दाखवत नाहीत. तुकडा काढण्याला पर्याय नाही तो यामुळे.

म्युकर की अ‍ॅस्परजिलस हा फरक केवळ अभ्यासूंच्या हौसेचा नाही. अ‍ॅस्परजिलसही सायनसमधून डोळ्यात आणि मेंदूत घुसतो. भारतात आणि सुदानसारख्या देशांत त्याचा एक संथ प्रकार आढळतो: वरवर धडधाकट माणसाचा डोळा महिनोन्‌महिने हळूहळू पुढे येत राहतो, आणि गाठ कॅन्सरची असेल या भीतीने तपासणी होते. त्या बुरशीवर व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीचे औषध. तेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर अजिबात चालत नाही. चुकीचा अंदाज बांधून ते सुरू केले, तर रोजच्या रोज औषध जाते आहे या समाधानात रोग पुढे सरकत राहतो.

निदान होताच तीन कामे एकदम हाती घ्यावी लागतात. शुगर उतरवायची, मेलेले मांस काढायचे, औषध सोडायचे. ती एकामागून एक करत बसायला सवड नसते.

शुगरचे काम सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित. इन्सुलिन शिरेतून किंवा त्वचेखाली, तासातासाला शुगर तपासणे, किटोन उतरवणे, शरीरातले पाणी आणि पोटॅशियम सावरणे. रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर ते शक्य तितके कमी करायचे. रक्ताचे आम्ल ओसरले की बुरशीचा लोहाचा पुरवठा आटतो, आणि पांढऱ्या पेशीही पुन्हा कामाला लागतात. वर ज्या इंजेक्शनसाठी जिल्हे पालथे घातले गेले, त्याच्या तुलनेत इन्सुलिन प्रत्येक तालुक्याला उपलब्ध होते. त्याची बातमी मात्र कधी झाली नाही.

२०२१ मध्ये एवढे रुग्ण एकदम का आले, याचेही उत्तर इथेच आहे. त्या काळात ऑक्सिजनच्या सिलिंडरमधले पाणी, मळके मास्क, वाफारे, झिंकच्या गोळ्या अशा अनेकांवर आळ घेतला गेला. देशभरातल्या डॉक्टरांनी २,८२६ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात ७८ टक्के मधुमेही निघाले आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालेले होते. इंग्लंडमधल्या कोविडवरच्या रिकव्हरी चाचणीने २०२० मध्येच दाखवले होते की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि तेही ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच उपयोगी पडते. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही. प्रत्यक्षात घरी पडून असलेल्या, शुगर न तपासलेल्या माणसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या पाहून ते घेतले. घाबरलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, पण ग्लुकोमीटर प्रत्येक चिठ्ठीसोबत सांगता आला असता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. राज्यांत सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते, ९ हजारांवर.

दुसरे काम शस्त्रक्रियेचे. नाकातून दुर्बीण घालून सर्जन काळे, मेलेले मांस आणि हाड काढत जातो. कुठवर काढायचे याचा नियम अगदी प्राथमिक आणि अगदी खरा: रक्त येईपर्यंत. एरवी सर्जन रक्तस्राव टाळायला धडपडतो. इथे कडेने ताजे लाल रक्त झिरपू लागले की तो सुटकेचा श्वास सोडतो, कारण रक्त आले म्हणजे तिथे औषधही येणार. वरच्या जबड्याच्या सायनसमागे टेरिगोपॅलाटाइन नावाची एक चिंचोळी पोकळी आहे. नाक, डोळा, टाळू आणि कवटीचा तळ यांच्या वाटा तिथे मिळतात, आणि बुरशी तिथे दबा धरून बसते. ती जागा न उघडता केलेले ऑपरेशन वरून कितीही स्वच्छ दिसले तरी अपुरे राहू शकते. टाळू किंवा जबड्याचे हाड मेले असेल तर तेही काढावे लागते. एका ऑपरेशनमध्ये भागत नाही. काही दिवसांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा सफाई, कधी तीन-चारदा. ‘एकदा झाले ना, मग परत कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. मांस टप्प्याटप्प्याने मरते, आज जिवंत दिसलेली कड परवा काळी असू शकते, म्हणून परत.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये ९२९ प्रसिद्ध रुग्णनोंदी एकत्र तपासल्या. उपचारच न झालेल्यांपैकी ३ टक्के जगले होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के, औषध आणि शस्त्रक्रिया दोन्ही झालेल्यांत ७० टक्के. हे आकडे शरीराच्या सगळ्या भागांतल्या म्युकरचे आहेत, आणि टेबलावर घेण्याइतपत बरा असलेला रुग्णच ऑपरेशनपर्यंत पोचतो हेही खरे. तरीही औषधाचा थेंब नसताना नुसत्या सुरीने निम्म्याहून अधिक माणसे राहिली, ही गोष्ट इंजेक्शनच्या रांगेत उभ्या असलेल्यांना कुणी सांगायला हवी होती.

आता ते इंजेक्शन. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला, स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस. स्क्विब या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच्यापासून अ‍ॅम्फोटेरिसिन बी मिळाले. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्याला धरते, पडद्याला छिद्रे पडतात, पेशी गळून मरते. अडचण अशी की आपल्या पेशींच्या पडद्यातले कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचे जवळचे भावंड. औषध आपल्यालाही थोडेफार धरतेच, आणि सर्वांत आधी मार बसतो मूत्रपिंडांना.

साध्या, जुन्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा एक दिवस असा जातो. आधी सलाइनची बाटली चढवतात, मूत्रपिंडांना आधार म्हणून. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देतात. मग पिवळसर औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून चार ते सहा तास थेंबाथेंबाने. सलाइनमध्ये ते मिसळायचे नाही. मिसळले की औषध साक्यासारखे खाली बसते. सुरू झाल्यावर बऱ्याच रुग्णांना हुडहुडी भरते, ताप चढतो, खाट हलेल इतके दात वाजतात. एक-दोन आठवड्यांत मूत्रपिंडांच्या बिघाडाची खूण असलेले क्रिएटिनिन चढते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून जाते. पोटॅशियम फार खाली गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून रक्ताची तपासणी जवळपास रोज.

लायपोसोमल प्रकारात हेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत बांधलेले असते. मूत्रपिंडांना ते पुष्कळ सुसह्य, त्यामुळे मात्रा मोठी देता येते: किलोमागे ५ मिलिग्रॅम, मेंदू बाधित असेल तर १० पर्यंत. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा द्यावी, हळूहळू चढवत नेऊ नये, असे २०१९ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. साध्या औषधाची मात्रा मात्र किलोमागे १ ते दीड मिलिग्रॅम. म्हणजे त्याच साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल ३०० मिलिग्रॅम आणि साधे ६० ते ९०. नाव दोन्हीकडे अ‍ॅम्फोटेरिसिन बी. साधे औषध चुकून लायपोसोमलच्या मापाने गेले तर हृदय बंद पडून माणूस खाटेवरच जाऊ शकतो. टंचाईत जे मिळेल ते आणले जात होते: लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन, साधे. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफसायन्सेसनेही अ‍ॅम्फोटेरिसिन इमल्शनचे उत्पादन सुरू केले. अशा वेळी खोक्यावरचा दुसरा शब्द वाचणाऱ्या परिचारिकांनी किती जीव वाचवले याची नोंद कुठेच नाही. जूनमध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्य केला, आणि त्याआधीच महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केला होता.

शिरेतले औषध चार ते सहा आठवडे चालते. रोग आटोक्यात आला की पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या. पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा, काही महिने. गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. मधुमेह्यांपैकी अनेकजण कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन घेत असतात. पोसॅकोनॅझोलबरोबर त्याची रक्तातली पातळी भलतीच वाढून स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून ती गोळी थांबवावी लागते. घरी गेल्यावर जुन्या डब्यातल्या गोळ्या आपोआप पुन्हा सुरू होतात, तेव्हा हे डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलेले बरे. दुसरा पर्याय आयसाव्युकोनॅझोलचा. मूत्रपिंडे थकलेल्यांना तो विशेष कामाचा.

लोहाचे कोडे सुटल्यावर संशोधकांना एक सरळ कल्पना सुचली: बुरशीचे लोहच काढून घेऊ. पण त्यातही मेख होती. डायलिसिसच्या रुग्णांना जादा लोह काढण्यासाठी डेफेरॉक्सामिन देत, आणि त्यांच्यातच म्युकर वाढलेला दिसला. ऱ्हायझोपस त्या औषधाने धरलेले लोह चक्क हिसकावून घेते. मग डेफेरासिरॉक्स हे वेगळे औषध निवडले, ज्यातले लोह बुरशीला काढता येत नाही. उंदरांत निकाल छान आले. २० रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत मात्र ते मिळालेल्या ११ जणांपैकी ९ जण ९० दिवसांत दगावले, न मिळालेल्या ९ पैकी २. दोन गटांत कॅन्सरचे रुग्ण सारखे वाटले गेले नव्हते, त्यामुळे सगळा दोष औषधाचा म्हणता येत नाही, पण तो मार्ग तिथे थांबला. कागदावर इतकी चोख दिसणारी कल्पना रुग्णाच्या खाटेशी अशी कोसळते, आणि एरवी जिचे नावही कुणी घेणार नाही अशी वीस माणसांची चाचणी पुढच्या शेकडोंचे नुकसान टाळते.

सर्वांत अवघड निर्णय डोळ्याचा. बुरशी खोबणीत उतरली की पूर्वी बहुतेकदा सगळी खोबण रिकामी करत: बुबुळासह डोळा, स्नायू, चरबी, कधी पापण्याही. आज इतकी घाई करत नाहीत, पण नक्की कधी करावे याचा एकमताचा नियमही नाही. दृष्टी पूर्ण गेली आहे, डोळा हलत नाही, एमआरआयमध्ये खोबणीभर रोग दिसतो आणि मेंदू अजून वाचलेला आहे, अशा रुग्णात डोळा काढण्याने मेंदूकडची वाट तोडता येते. बुरशी मेंदूत पोचलेलीच असेल तर डोळा काढून जीव वाचतो का, याबद्दल सर्जनांत मतभेद आहेत. आणि ज्याला अजून दिसते आहे, त्याचे काय? अशांसाठी डोळ्यामागे सुईने थेट अ‍ॅम्फोटेरिसिन सोडण्याचा उपाय भारतात २०२१ मध्ये पुष्कळ वापरला गेला: दर मिलिलिटरला साडेतीन मिलिग्रॅम औषध असलेल्या द्रावणाचा १ मिलिलिटर, काही दिवस रोज. शिरा बंद झाल्या तर औषध बाजूने घुसवायचे, इतका साधा विचार. सूज येऊन डोळ्यावर दाब वाढण्याचा धोका असतो, म्हणून नजर ठेवावी लागते. निवडक रुग्णांचे डोळे त्याने राहिले.

एका संध्याकाळी नातेवाइकांसमोर संमतीचा कागद येतो आणि ‘डोळा काढायचा की नाही’ हे त्यांना रात्रीतून ठरवायचे असते. डॉक्टरलाही खात्री देता येत नाही. अशा वेळी नाक-कान-घसा, डोळे, मेंदूशल्य, मधुमेह आणि बधिरीकरण या सगळ्यांनी एकत्र बसून एकच सल्ला द्यावा हे आदर्श. जिल्ह्याच्या गावी हे पाचजण एका छपराखाली क्वचितच सापडतात, आणि रुग्ण शहराकडे हलवण्यात जे दोन दिवस जातात तेवढ्यात पापणी ओघळायची ती ओघळते.

वाचलेल्यांचे पुढचे दिवस वेगळ्या झगड्याचे असतात. टाळू काढलेल्या माणसाने पाणी प्यायले की नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते. दंतवैद्य ऑब्च्युरेटर बनवून देतात: टाळूचे भोक बुजवणारी कवळी, काढून धुवायची आणि परत बसवायची. डोळ्याच्या जागी सिलिकॉनचा कृत्रिम डोळा पापण्यांसकट तयार करून चष्म्याच्या काडीला जोडता येतो. २०२१ मध्ये बरे होऊन घरी गेलेले काहीजण काही महिन्यांनी हलणारे दात किंवा हिरडीतला पू घेऊन परत आले. जबड्याच्या हाडात बुरशी शिल्लक राहिली होती. एमआरआय आणि दुर्बिणीची तपासणी औषध थांबल्यावरही काही काळ चालू ठेवतात ती त्यासाठी, आणि तेवढ्या वेळा एचबीएवनसी ही साखरेची तपासणीही. दात परत बसवताना वरच्या जबड्याचा आधार उरलेला नसतो, म्हणून गालफडाच्या हाडात लांब स्क्रू रोवून त्यांवर दातांची पट्टी उभारतात. ते ऑपरेशन घाईने करत नाहीत. बुरशीचा मागमूस राहिलेला नाही आणि शुगर ताब्यात आहे याची खात्री पटेपर्यंत रुग्णाला ऑब्च्युरेटरवरच काही महिने काढावे लागतात.